पुरुषांनाही होणारी एचपीव्हीची लागण

गर्भाशयमुखाचा कर्करोग स्त्रियांना होतो, तेव्हा त्याचा विषाणूही स्त्रियांपुरताच, असा एक सोयीस्कर समज आपल्याकडे आहे. वास्तविक ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही, पुरुषांच्या शरीरातही राहतो व शरीरसंबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. या विषाणूचे २०० हून अधिक प्रकार आहेत. त्यांपैकी ६ व ११ या प्रकारांमुळे जननेंद्रियावर मस येतात; ते त्रासदायक असले तरी सहसा कर्करोगात बदलत नाहीत. १६ क्रमांकाचा प्रकार मात्र घातक. त्यामुळे पुरुषांना शिश्नाचा, गुदद्वाराचा किंवा टॉन्सिल व जिभेच्या मुळाशी कर्करोग होऊ शकतो.

बहुतेकांना लागण झाल्याचे कळतच नाही व साधारण दोन वर्षांत शरीर स्वतःच विषाणूला आवरते. स्त्रियांसाठी आहे तशी नेहमीची तपासणी पुरुषांसाठी नाही. लागणीनंतर मस दिसायला काही आठवडे, महिने, क्वचित वर्षेही लागतात. लागण केव्हा व कोणाकडून झाली, हे त्यावरून ठरवता येत नाही. तेव्हा मस दिसताच पती-पत्नींनी एकमेकांवर संशय घेऊन घर मोडायला निघू नये.

विषाणूच नष्ट करील असे औषध अद्याप नाही. उपचार होतो तो मसाचा. त्वचारोगतज्ज्ञ इमिक्विमॉडसारखे मलम देतात, द्रवरूप नायट्रोजनने मस गोठवतात किंवा विजेने जाळतात. मस पुन्हा उगवतात. त्यात डॉक्टरचा दोष नसतो. लाजेपायी माणसे पायाच्या कुरुपाचे औषध तिथे लावतात, नाहीतर भिंतीवरची ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ ही जाहिरात वाचून पैसे घालवतात. नाजूक कातडी भाजते, मस तसाच राहतो. न भरणारी जखम, कठीण गाठ किंवा रक्त दिसले, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

खरा उपाय लागण होण्याआधीचा, म्हणजे लस. पहिली लस २००६ साली आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ला २०२२ मध्ये मान्यता मिळाली, ती ९ ते २६ वर्षांच्या मुलींबरोबर मुलांसाठीही. ६, ११, १६ व १८ या चार प्रकारांपासून ती संरक्षण देते. वयाच्या १४ वर्षांपर्यंत सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा पुरतात. १५ पूर्ण झाली की तीन घ्याव्या लागतात. आमच्यासारख्या पगारदाराला एका मात्रेचा खर्चही जाणवतो, म्हणून मुलगा आठवी-नववीत असतानाच डॉक्टरांना विचारावे. झालेली लागण लसीने बरी होत नाही. निरोधने धोका कमी होतो, पण तो झाकत नाही त्या भागातील त्वचेच्या स्पर्शानेही विषाणू पसरतो. त्यामुळे लस घेतलेल्यांनीही निरोध सोडू नये.