पंचेचाळीस अंशांतली टापटीप

दिवाळी अंकात उन्हाळ्याच्या कपड्यांची गोष्ट कसली काढता, असे वाचक विचारतील. बाहेर थंडीची चाहूल, ताटात चकली आणि अनारसे, आणि ही बाई मे महिन्याच्या उन्हाचे पुराण लावून बसली आहे! पण आम्हा नागपूरकरांचा अनुभव असा, की उन्हाळ्याचे स्वस्त आणि चांगले कपडे हवे असतील तर ते दिवाळीतच शोधावेत. घरोघरची कपाटे वर्षातून एकदाच तळापासून उपसली जातात, ती याच पंधरवड्यात. सासूबाईंच्या ट्रंकेतली विसरलेली सुती पातळे, लहान झालेले कुर्ते, साहेबलोकांचे कॉलर झिजलेले शर्ट, सारे एकदम उजेडात येते. खादीवरची सूटही गांधी जयंतीच्या सुमारास लागते. एप्रिलात ऊन डोक्यावर आल्यावर बाजारात गेलात तर दुकानदार तुमच्या कपाळावरचा घाम पाहूनच भाव सांगतो.

नागपूरचे ऊन काय असते हे पुण्या-मुंबईच्या मंडळींना सांगून कळत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात असतो. मे २०१३ मध्ये तो ४७.९ पर्यंत गेला होता. मे २०२४ मध्ये तर एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले! यंत्रच बिघडले होते, असे हवामान खात्याने मागाहून कळवले; पण ती बातमी वाचून आमच्या गल्लीत कुणाला फारसे आश्चर्य वाटले नव्हते.

अशा उन्हात माझी भाची दोन वर्षांपूर्वी यवतमाळहून येथे पहिल्या नोकरीला आली. पगार चौदा हजार. त्यातले खोलीभाडे, डबा आणि घरी पाठवायचे पैसे वजा जाता कपड्यांसाठी तिने पंधराशे रुपये बाजूला काढले होते. खोली महालात, कचेरी सिव्हिल लाइन्समध्ये. साहेबांच्या खोलीत एसी, बाकीच्यांना एक घरघरणारा कूलर. तिच्याजवळ चार झुळझुळीत, छान दिसणारे टॉप होते, चारही पॉलिएस्टरचे. पहिल्या आठवड्यातच पाठीवर घामोळ्यांची चाळण झाली.

"मावशी, नवे घ्यायला पैसे नाहीत, आणि हे घालवत नाहीत. रोज एकच सुती कुर्ता घालून गेले तर पोरी कुजबुजतात. काय करू ते सांग."

आता यातले शास्त्र अगदी साधे आहे. एक लिटर घाम वाळला की जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून घेऊन जातो. आमच्या कोरड्या हवेत घाम झरझर वाळतो. अट एकच, कपड्याने त्याला वाळू द्यावे. साधारण हवेत सूत आपल्या वजनाच्या शेकडा आठ भागांहून अधिक ओलावा धरून असते, पॉलिएस्टर अर्धा भागसुद्धा नाही. त्यामुळे एकात घाम टिपला जातो, दुसऱ्यात तो आत कोंडतो. पॉलिएस्टरचा हा धागा १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनज्ञांनी काढला. त्यांच्या देशात तो ठीकच होता! पण ज्या नागपुरात आसपासच्या मुलखातला कापूस पाहून जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली, त्या गावच्या मुलींनी मे महिन्यात हे अंगावर वागवावे, याला काय म्हणावे? मिल २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आता मॉल आहे.

आम्ही मोहीम काढली ती आमच्याच घरापासून. सासूबाईंचे एक फिकट निळे सुती पातळ निघाले, वीस वर्षे धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. साडेपाच मीटरच्या पातळात दोन कुर्ते आरामात बसतात. फक्त पातळ कुठे विरते ते ठाऊक हवे. निऱ्यांच्या खालची कड आणि खांद्यावर पिन लागते तेवढी जागा आधी जाते. ती उजेडासमोर धरून पाहावी आणि बेतताना चुकवावी. काठ घेराला लावले. बगलेत आतून चौकोनी ठिगळ दिले, कारण जुन्या कापडाचा पहिला घात तिथेच होतो. शिंप्याने दोन कुर्त्यांचे पाचशे घेतले.

मग आठवडी बाजार. चादर अंथरून जुने कपडे विकणाऱ्या एका बाईकडे सुती शर्टांचा ढीग होता. "घ्या ना बाई, सुतीले कोण पुसते? ते त्या गॅरेजवाल्याले पुसायले जाते," ती म्हणाली. हे खरे आहे. दारावर भांडी घेऊन येणारी बोहारीणसुद्धा जरीचे, रेशमाचे, जीनचे पाहून डोळे लकाकवते आणि मऊ सुती कपड्याकडे नाक मुरडते. या धंद्याचा पसारा मोठा आहे. दिल्लीत रघुवीरनगरला भांड्यांच्या बदल्यात गोळा केलेल्या कपड्यांचा पहाटेपासून बाजार भरतो, आणि पानिपतला देशोदेशींच्या जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या होऊन त्यांची पुन्हा घोंगडी विणली जातात. या साऱ्या उलाढालीत विरलेल्या सुताला भाव नाही, आणि म्हणूनच ते आमच्या पंधराशे रुपयांत बसले. ऐंशी रुपयांना एक, असे दोन मोठ्या मापाचे पुरुषी शर्ट घेतले. घेण्यापूर्वी शिवणीतला एक धागा ओढून काडी लावली. कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख आली तर सूत. वितळून कडक मणी झाला तर बाईला नमस्कार करून पुढे चालावे.

घरी आणल्यावर शर्ट रात्रभर साबणाच्या गरम पाण्यात घातले आणि दोन दिवस गच्चीवर उलटेसुलटे वाळवले. नागपूरचे ऊन फुकटचा परीट आहे! कॉलरी उसवून उलट्या बाजूने शिवून घेतल्या. आमच्या आजीच्या काळी ही विद्या प्रत्येक शिंप्याला येत असे; आता एक म्हातारा शिंपी सापडला, त्याने दोन शर्ट अंगाबरोबर करून कॉलरीसकट १२० रुपये घेतले. गांधीबागेतून नव्वद रुपये मीटरने चार मीटर जाडसर कटपीस आणले आणि माझ्याच मशीनवर दोन ढगळ विजारी शिवल्या. अडीचशेचा पांढरा सनकोट घेतला. एकूण झाले १,३९० रुपये. चार वरचे, दोन खालचे. आठवडाभर एकसारखी जोडी पुन्हा दिसत नाही.

खळीबद्दल एक सांगते. कचेरीत कडक दिसावे म्हणून पुष्कळ जणी साबुदाण्याची दाट खळ करतात. त्याने कापडाची छिद्रे बुजतात. उन्हाळ्यात खळ ताकासारखी पातळ असावी, किंवा नुसते ओलसर असताना झटकून इस्त्री करावी. रंगाची मात्र फार काळजी नको, कपडा सैल असला म्हणजे झाले. वाळवंटातले बदाऊनी लोक काळे झगे का घालतात, याचा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. काळा झगा ऊन जास्त पितो खरा, पण झगा सैल असल्याने ती उष्णता कातडीपर्यंत पोचण्याआधीच निघून जाते, असे त्यात आढळले. आमच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून दुपट्टा गुंडाळतात आणि स्कूटरवरून जातात, त्यांना हे न वाचताच समजले आहे.

हे सारे मी कौतुकाने कचेरीत सांगत होते. माझी एक मैत्रीण ऐकून गप्प राहिली. डबा आवरताना म्हणाली, "ताई, तुमचं हिशेबानं बरोबर आहे. पण माझ्या आजीनं जन्मभर मालकिणीचं उतरलेलंच नेसलं. तिनं स्वतःच्या पैशानं घेतलेलं पहिलं पांढरं पातळ छप्पन साली दीक्षाभूमीवर नेसलं. आमच्या घरात जुनं कुणी घालत नाही. मी एकच घेईन, पण नवं घेईन."

मला उत्तर सुचले नाही, आणि द्यावेसेही वाटले नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले होते, की जातीची खूण पटेल असे नेसणे सोडा, स्वच्छ आणि नीट राहा. दुसऱ्याने टाकलेले वस्त्र ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले, त्यांना काटकसरीचा उपदेश करण्याचा अधिकार मला तरी नाही. ऐपत असून हौसेने जुने घालणे निराळे, आणि दुसरे मिळूच न देणे निराळे. मैत्रिणीसाठी आम्ही दोघी गांधीबागेत गेलो. नव्याच कटपीसमधून तिचे तीन कुर्ते झाले. खर्च भाचीच्या दुप्पट आला, पण तिच्या मनासारखे झाले.

इकडे माझी बहीण मात्र वेगळ्याच कारणाने रुसली. "शहरात माझी लेक लोकांचे कपडे घालते, हे यवतमाळात कळलं तर काय म्हणतील?" मी तिला विचारले, "पोर जन्मली तेव्हा तिला पहिल्यांदा कशात गुंडाळली होती?" आजीच्या जुन्या पातळाच्या दुपट्यात! नवे कापड बाळाला बोचते, म्हणून आपणच ते मागून आणतो. बहीण हसली नाही. पण पुढच्या खेपेला तिने पिशवीतून स्वतःची दोन सुती पातळे पाठवली आणि चिठ्ठीत लिहिले, "ही माझी आहेत, दुसऱ्या कुणाची नाहीत."

त्यातले एक जाडसर होते. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की जाड कापड दिवसभर ओले राहते, म्हणून त्याच्या विजारी केल्या. दुसऱ्या तलम पातळाचे दोन कुर्ते बेतून ठेवले आहेत. शिंपी म्हणाला, दिवाळीची गर्दी ओसरली की या.