हरवलेल्या एकासाठी मोजणी : शाळेची आकडेवारी आणि शिक्षण परिषद

शाळा म्हटली की नोंदी आल्याच. हजेरीपट, जनरल रजिस्टर, प्रगतिपुस्तक, शाळा सोडल्याचा दाखला या साऱ्यांशी प्रत्येक पालकाचा कधी ना कधी संबंध येतो. या नोंदी पूर्वी शाळेच्या कपाटात राहत. आता त्यांतील बऱ्याचशा संगणकावर गेल्या आहेत. महाराष्ट्रात जवळपासच्या शाळांचा एक गट म्हणजे 'केंद्र'. अशा केंद्रातील शिक्षक, प्रामुख्याने शासकीय व अनुदानित शाळांतील, केंद्रप्रमुखांच्या मार्गदर्शनाखाली शिक्षण परिषदेसाठी एकत्र येतात आणि तेथे या आकडेवारीचा विचार होतो. नवी मुंबईसारख्या शहरात ही चर्चा का महत्त्वाची आहे आणि आपल्या धर्मग्रामांचा तिच्याशी काय संबंध आहे, हे आपण या लेखात पाहू.

दोन प्रकारची मोजणी

पवित्र शास्त्रात मोजणीचे दोन प्रसंग प्रसिद्ध आहेत. दावीद राजाने आपल्या राज्यातील लढवय्यांची गणती केली आणि नंतर त्याचे मन त्याला खाऊ लागले, कारण ती गणती स्वतःचे बळ पाहण्यासाठी होती. प्रभू येशूच्या दाखल्यातील मेंढपाळही मोजतो. शंभरांत एक कमी आहे, हे मोजल्यावाचून त्याला कळले नसते. आमच्या मते शाळेच्या आकडेवारीची कसोटी हीच आहे. शाळेचा मान वाढवण्यासाठी केलेली मोजणी निकालाच्या फलकावर संपते, तर मागे पडलेल्या मुलासाठी केलेली मोजणी त्या मुलापर्यंत पोहोचते.

आकडे कोठून येतात?

देशभरातील शाळांची माहिती 'यू-डायस' या प्रणालीत जमा होते. २०१२-१३ पासून प्राथमिक व माध्यमिक शाळांच्या नोंदी तीत एकत्र आल्या. प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे असून महाराष्ट्राचे अंक २७ आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये 'सरल' ही स्वतःची प्रणाली सुरू केली. यू-डायसमध्ये आधी वर्गांच्या व शाळेच्या बेरजा भरल्या जात. २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली आणि त्याला कायमचा शिक्षण क्रमांक मिळू लागला.

याचे महत्त्व आपल्या श्रद्धावंतांना चटकन समजेल. बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा नियम ट्रेंट येथील महासभेने १५६३ मध्ये घालून दिला. आजही एखाद्याचा विवाह दूरच्या धर्मग्रामात झाला, तरी त्याची सूचना बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाकडे येते आणि मूळ नोंदीजवळ लिहिली जाते. माणूस कोठेही गेला तरी नोंद त्याची साथ सोडत नाही. विद्यार्थ्याच्या कायम क्रमांकामागील कल्पना तीच आहे.

नवी मुंबईला तिची विशेष गरज आहे. हे शहर स्थलांतरितांचे आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यापासून येथे माणसे येऊन वसत आहेत. वाशी, ऐरोली, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, तर खारघर व पनवेल रायगड जिल्ह्यात. नाक्यावर काम शोधणाऱ्या बापाचे बिऱ्हाड ऐरोलीहून खारघरला गेले, की मुलाचा जिल्हा बदलतो आणि महानगरपालिकाही बदलते. जुन्या शाळेतून नाव कमी झाले, पण नव्या शाळेत अजून चढले नाही, अशा मुलांची नावे यू-डायसमध्ये 'ड्रॉपबॉक्स' नावाच्या यादीत राहतात. मेंढपाळाला हवी असलेली यादी हीच होय.

सरासरीच्या आड काय दडते?

समजा, चाळीस मुलांच्या वर्गाची गणिताची सरासरी साठ गुण आहे. आकडा समाधानकारक वाटतो. परंतु त्यांतील आठ मुलांना हातच्याची वजाबाकी मुळीच येत नसेल, तर सरासरी ते सांगत नाही. प्रश्नवार नोंद पाहिली तरच ते उमगते. राज्यात २०२३-२४ पासून तिसरी ते आठवीच्या शासकीय व अनुदानित शाळांत पायाभूत आणि दोन संकलित अशा चाचण्या सुरू झाल्या. त्यांचा हेतू केवळ गुण देणे नसून कोणाला काय येत नाही हे शोधणे हा आहे. शिक्षण परिषदेत या उत्तरांवर चर्चा झाली, तर एका शाळेतील शिक्षकाने यशस्वी केलेली पद्धत शेजारच्या शाळेस मिळते. नुसता टक्का वाचून दाखवला, तर सर्वांचा वेळ वाया जातो.

अशा शोधाचा लाभ होतो, याचा पुरावा आपल्या मुंबईतच आहे. 'प्रथम' संस्थेने २००१ ते २००३ या काळात मुंबई व वडोदरा येथील पालिकेच्या शाळांत 'बालसखी' उपक्रमाचा अभ्यास करू दिला. चाचणीत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एक तरुणी रोज सुमारे दोन तास वेगळे शिकवीत असे. मुलांचे गुण वाढले आणि सर्वांत अधिक लाभ मागे असलेल्यांना झाला. या अभ्यासातील अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली गोष्ट शिक्षकांच्या वेळेची. तीच माहिती पुनःपुन्हा भरण्यात शिक्षकाचा दिवस गेला, तर ज्या मुलासाठी नोंद करायची तेच दुर्लक्षित राहते. दुसरी गोष्ट मुलाच्या प्रतिष्ठेची. जात, धर्म, उत्पन्न, आजार, गुण ही माहिती विश्वासाने दिलेली असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. नापास मुलांची यादी व्हॉट्सॲप गटावर टाकणे हे सुधारणेचे साधन नव्हे. ते मुलाचा अपमान करणे आहे.

धर्मग्रामाने काय करावे?

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. गरीब, कुटुंबाच्या आधारास पारखी झालेली आणि श्रद्धेबाहेरची मुले यांची विशेष काळजी घ्यावी, असे त्यात सांगितले आहे. कॅथलिक शाळांच्या आकडेवारीने या मुलांविषयी बोलायला हवे.

पालक-शिक्षक सभेत आपण तीन प्रश्न नम्रपणे विचारू शकतो : सलग गैरहजर असलेल्या मुलांच्या घरी कोण जाते? वाचता न येणाऱ्या मुलांसाठी या महिन्यात काय केले? दाखला नेलेली मुले पुढच्या शाळेत पोहोचली का? शाळेने विचारल्यास आपणही हात पुढे करावा. निवृत्त शिक्षक सायंकाळी अभ्यासवर्ग घेऊ शकतात. सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद घरोघरी जातातच. लहान ख्रिस्ती समूहांना तर वस्तीत नवे बिऱ्हाड कधी आले हे संगणकाच्या आधी कळते.

संगणक एक मूल कमी आहे एवढे दाखवू शकतो. त्या मुलाच्या दारापर्यंत मात्र माणसालाच जावे लागते.