शरीरातील शल्य : पंडिता रमाबाईंचे बधिरत्व आणि त्यांची श्रद्धा

श्रद्धेमुळे शारीरिक संकटात बळ लाभते, असे विधान धर्मचरित्रांतून वारंवार आढळते. परंतु 'बळ' या शब्दाने तेथे नेमके काय अभिप्रेत आहे, याचा उलगडा क्वचितच केलेला असतो. व्याधी दूर होणे, ती सोसता येणे आणि ती असतानाही कार्य घडणे ही तीन भिन्न फले होत. ख्रिस्ती परंपरेत या भेदाचा विचार करताना पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा बारावा अध्याय टाळता येत नाही. देहातील एका काट्याचा तेथे उल्लेख आहे. मूळ ग्रीक शब्द 'स्कोलोप्स'. संस्कृतातील 'शल्य' त्याच्या पुष्कळ जवळ जाते. हे शल्य नेत्ररोगाचे की अन्य कशाचे, याविषयी भाष्यकारांत एकमत नाही. तीन वेळा विनवूनही ते निघत नाही, एवढे मात्र स्पष्ट आहे. कृपा पुरेशी आहे असे उत्तर मिळते. आरोग्याचे आश्वासन मिळत नाही.

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रात या अध्यायाचा अर्थ प्रत्यक्ष तपासून पाहता येतो. रमाबाईंची विद्वत्ता मूलतः श्रवणातून आलेली होती. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी संस्कृत पाठांतराने शिकविले गेले. पुराणकथन हीच कुटुंबाची उपजीविका. १८७८ साली कलकत्त्यास 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या, त्याही वाणीच्या प्रभावावर. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्री-डॉक्टरांच्या शिक्षणाची निकड मांडली आणि पुढील वर्षी स्वतः वैद्यक शिकण्याच्या उद्देशाने त्या इंग्लंडला गेल्या. सप्टेंबर १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि ऐकू येण्यातील दोषामुळे वैद्यकाचा मार्ग बंद झाला. ज्या कानांवर पूर्वायुष्य उभे होते, तेच निकामी होत चालले. श्रद्धेने ते बरे केले नाहीत.

चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या. १८८७ साली अमेरिकेत त्यांचा उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयक इंग्रजी ग्रंथ निघाला. १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन स्थापन झाले. या साऱ्याचे श्रेय केवळ श्रद्धेस देणे युक्त होणार नाही. स्मरणशक्ती, भाषाज्ञान आणि उद्योगशीलता हे वडिलांच्या घरचे धन होते; ते धर्मांतराच्या कितीतरी आधीचे. श्रद्धेने पुरविले ते त्या धनाच्या विनियोगाचे कारण.

याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, पंचेचाळिशीच्या आसपास, रमाबाईंनी हे काम आरंभिले. त्यासाठी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीलाही समजेल असे सोपे मराठी हा त्यांचा आग्रह होता. एका शास्त्रीकन्येने तो धरावा, यात भाषाभिरुचीपेक्षा धर्मनिष्ठेचाच भाग अधिक दिसतो. आणि हे काम असे की त्याला कान लागत नाहीत. डोळे, लेखणी आणि दीर्घ एकांत लागतो. बधिरत्वाने एकांत दिला असे म्हणणे सोपे आहे, परंतु ते अर्धेच खरे: एकांत अनेक बधिरांच्या वाट्यास येतो, भाषांतर येत नाही. एकांताला प्रयोजन मिळावे लागते. छपाईचे काम केडगावच्या मुक्ती मिशनमधील छापखान्यात तेथील स्त्रियांनी केले. १९२१ च्या जुलैमध्ये कन्या मनोरमा निवर्तल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

मुक्तीतील अंध स्त्रियांच्या निवासाला 'बार्तीमी सदन' हे नाव होते. मार्काच्या शुभवर्तमानातील हा आंधळा भिकारी दृष्टी मिळून चालू लागतो. सदनातील स्त्रियांना दृष्टी मिळाली नाही. मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल लिपी शिकविली, आणि त्या बोटांनी वाचू लागल्या.