जास्वंदीवरचा पांढरा कापूस



वर्तकनगरच्या एका सोसायटीला आपल्या एका गटाने जास्वंदीची रोपं दिली होती. दोन महिन्यांनी फोन आला, "तुमची रोपं रोगट निघाली, राहिलेले पैसे मिळणार नाहीत." मी आणि गटाच्या अध्यक्षताई बघायला गेलो. शेंड्यांवर पांढरा कापूस, पानं चिकट नि काळपट, कळ्या उमलण्याआधीच गळलेल्या.

तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. ही कीड झाडाचा रस शोषते आणि गोड चिकटा सोडते. चिकट्यावर काळी बुरशी धरते, मुंग्या तो खायला येतात. खाऊ मिळतो म्हणून त्या किडीची राखणही करतात, तिला खाणाऱ्या ढालकिड्यांना हाकलतात. म्हणून खोडावर मुंग्यांची रांग दिसली की शेंडे तपासायचे.

ताईंनी मात्र आधी माती उकरली. विटांचे तुकडे, सिमेंट, सगळं रॅबिट! लिंबू पिळलं तर फसफसलं, म्हणजे चुना भरपूर. अशा मातीत झाडाला लोह मिळत नाही. नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पिवळेपणा जावा म्हणून माळीदादांनी युरिया दिलेला. त्याने कोवळी फूट आली, आणि किडीला तीच हवी असते.

आम्ही किडके शेंडे छाटून जाळले. खतखड्ड्यात टाकू नका, कीड परत येते. मग एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घुसळून संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारलं. आधी दोन-चार पानांवर करून बघा. आठ दिवसांनी पुन्हा फवारा. खोडाला चिकटपट्टी गुंडाळून वर ग्रीस लावलं, मुंग्या थांबल्या. रॅबिट काढून खड्ड्यात चांगली माती आणि कुजलेलं शेणखत भरलं. युरिया बंद.

जहाल औषध नको, त्याने मित्रकीटकही मरतात. २००८ मध्ये कोइमतूरला पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण सापडला. तो जास्वंदीवरही वाढतो. २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून आणलेल्या मुंगीहूनही बारीक माशीने त्याला आवर घातला.

सोसायटीने निम्मे पैसे दिले. बाकीच्यांसाठी ताई महिनाअखेरीस जाणार आहेत. पिशवीत लिंबू असेलच.