पाण्यात पडलेला मोबाइल

मृगाचा पाऊस सुरू झाला, की मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांच्या दुकानांतून गर्दी दिसू लागते. कोणाचा मोबाइल विहिरीवर वाकताना सदऱ्याच्या खिशातून घसरलेला असतो, कोणाचा मिरामारच्या किनाऱ्यावर एका लाटेने भिजवलेला असतो, तर कोणाचा धुण्याच्या बादलीत गेलेला असतो. श्रोतेहो, या यंत्राची किंमत थोडीथोडकी नसते हे खरेच. परंतु त्या गिऱ्हाइकांचे चेहरे पाहिले म्हणजे हानी केवळ पैशांची नव्हे हे ध्यानात येते. दिवंगत वडिलांचा आवाज, नातवंडाचे पहिले पाऊल, बँकेचे व्यवहार, साऱ्या आप्तांचे क्रमांक, हे सर्व त्या तळहाताएवढ्या पेटीत असते आणि पुष्कळदा अन्यत्र कोठेही नसते. म्हणून अशा प्रसंगी काय करावे, आणि त्याहीपेक्षा काय करू नये, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

पाणी आणि वीज यांचे वैर आहे असे आपण म्हणतो. पण निव्वळ शुद्ध पाणी विजेचे फार मंद वाहक आहे. खरा घात करतात ते पाण्यात विरघळलेले क्षार. विहिरीच्या पाण्यात ते असतात, नळाच्या पाण्यात असतात, आणि समुद्राच्या पाण्यात तर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम असतात. असे पाणी आत शिरले, की जेथे वीज जावयाची नाही तेथे ती जाऊ लागते. मोबाइल तत्काळ बंद पडतो तो बहुधा यामुळे.

परंतु कित्येकदा तो बंद पडत नाही. मालक सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि आठ दिवसांनी यंत्र अकस्मात मरते. हे कसे होते ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८०० साली निकोल्सन आणि कार्लाइल या दोघा इंग्रजांनी व्होल्टाच्या नूतन विद्युत्घटाला पितळी तारा जोडून त्या पाण्यात सोडल्या. एका तारेपाशी वायूचे बुडबुडे येऊ लागले, तर दुसरी तार गंजू लागली. पाण्याचे असे विघटन होण्यास किमान १.२३ व्होल्ट इतका विद्युत्दाब पुरतो. मोबाइलच्या बॅटरीचा दाब सुमारे ३.७ व्होल्ट असतो. म्हणजे भिजलेला आणि चालू असलेला मोबाइल हा खिशात चाललेला निकोल्सन-कार्लाइल यांचा प्रयोगच होय! एका टोकाचे तांबे विरघळते, दुसऱ्या टोकाला झुडपाच्या फांद्यांसारखे साचत जाते, आणि केसाएवढ्या अंतरावर असलेले दोन मार्ग अखेर एकमेकांस भिडतात.

यावरून पहिले कर्तव्य उघड होते. मोबाइल पाण्यातून काढताच बंद करावा. चालतो की नाही हे पाहण्याचा मोह आवरावा, आणि चार्जर तर मुळीच लावू नये. बटनांचा जुना मोबाइल असेल तर मागचे झाकण काढून बॅटरी वेगळी करावी; याबाबतीत आपल्या वडीलधाऱ्यांचे साधे यंत्र अधिक भाग्यवान म्हणावयाचे. नव्या मोबाइलांची बॅटरी बहुधा आत चिकटवलेली असते, तिच्या वाटेस आपण जाऊ नये. सिमकार्डाचा खण मात्र बाहेर काढावा, कार्ड पुसून ठेवावे. ते दुसऱ्या यंत्रात घातले, की निदान आपला क्रमांक तरी चालू राहतो. नंतर चार्जरचे छिद्र खाली येईल असे धरून तळहातावर हलकेच आपटावे. जोरजोराने झटकल्यास पाणी उलट आतल्या बाजूस सरकते.

येथवर सांगितलेले कोणी सहसा नाकारीत नाही. वाद सुरू होतो तो तांदळाच्या डब्यापाशी. मीही एकदा भिजलेला मोबाइल दोन दिवस तांदळात पुरून ठेवला होता, आणि बाहेर काढल्यावर त्याच्या छिद्रातून कण्या टाचणीने उकरीत बसलो होतो. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे घालण्याची आपली रीत चांगलीच आहे. पण बरणीतली हवेची ओल निराळी आणि यंत्राच्या चिपांखाली अडकलेले पाण्याचे थेंब निराळे. तांदूळ ते थेंब ओढून घेत नाही. त्याची पूड मात्र आत जाते. अॅपल कंपनीनेही २०२४ साली आपल्या ग्राहकांना तांदूळ वापरू नका असे स्पष्ट सांगितले. ओल जाण्यास हवी असते ती वाहती हवा. पंख्यासमोर चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवावे. इंदूर-ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात हे काम लवकर होईल. गोव्याच्या किंवा बेळगावच्या श्रावणात हवाच ओली, तेथे अधिक धीर धरावा. केस वाळविण्याचे यंत्र, चूल, कडक ऊन यांच्या जवळ नेऊ नये. उष्णतेने आतील गोंद सुटतो आणि लिथियमची बॅटरी बिघडते. ती फुगलेली दिसली वा तापू लागली, तर मोबाइल माणसांपासून आणि पेटणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावा.

‘आमचा मोबाइल जलरोधक आहे’ असे कोणी म्हणेल. आयपी ६७ या खुणेचा अर्थ एवढाच, की एक मीटर खोल पाण्यात तो अर्धा तास टिकतो. ही चाचणी नव्या यंत्राची आणि साध्या पाण्यातली. एकदा खाली आपटला, एकदा उघडला, की आतील रोधपट्ट्यांचा भरवसा उरत नाही.

सुकविल्याने पाणी जाते, क्षार जात नाहीत. शिवाय बंद केलेल्या मोबाइलातही बॅटरी जोडलेली असल्यामुळे काही भागांवर दाब राहतोच. म्हणून समुद्राचे पाणी, साबणाचे पाणी किंवा साखरेचा चहा गेला असेल, अथवा आतील छायाचित्रे अमोल असतील, तर अठ्ठेचाळीस तास वाट पाहत न बसता त्याच दिवशी जाणत्या कारागिराकडे जावे. तो बॅटरी सोडवून आतील पाटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो. छायाचित्रे त्या पाटीवरील चिपेतच असतात, आणि आजकाल ती सांकेतिक कुलुपात बंद असल्यामुळे, पाटी जिवंत झाल्याखेरीज बहुधा हाती येत नाहीत. कारागिराला पाणी कोठले होते आणि त्यानंतर आपण चार्जर लावला होता काय, हे खरे सांगावे. पुष्कळ लोक येथे संकोचाने खोटे बोलतात. पण आत ओल लागताच पांढरी असलेली तांबडी होणारी एक चिकटपट्टी बहुतेक मोबाइलांत बसविलेली असते, आणि कारागीर प्रथम तीच पाहतो.