गिअरचा दांडा खिळखिळा झालाय? आधी गाडीच्या खाली बघा



शेतीच्या पत्रिकेत मोटारीचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. पण वस्तीवरून दुधाचे कॅन डेअरीला, भाजीचे क्रेट बाजाराला आणि रात्री-अपरात्री आजारी माणूस दवाखान्यात कोण नेतं? पुष्कळ ठिकाणी हे काम सेकंडहँड घेतलेली एखादी मारुती ८०० नाहीतर जुनी जीपच करते. मारुती ८०० रस्त्यावर आली १९८३ साली आणि तिचं उत्पादन थांबलं २०१४ मध्ये. म्हणजे दारातली गाडी अगदी शेवटच्या खेपेतली धरली तरी तिचं वय दहाच्या पुढे गेलेलं आहे. या वयात गिअरचा दांडा ढिला होतोच. मूठ ताकातल्या रवीसारखी गरगरते, दुसरा टाकावा तर चौथा पडतो. गॅरेजमध्ये गेलं की कुणीतरी सांगतो, "गिअरबॉक्स खोलावा लागेल." आणि मालकाच्या पोटात गोळा येतो.

घाई करू नका. बहुतेक वेळा दोष गिअरबॉक्सच्या आत नसतो, बाहेरच्या सांध्यात असतो.

नांगराचं रुमणं खिळखिळं झालं तर काय होतं? फाळ चांगला असतो, बैल चांगले असतात, तरी तास वाकडं जातं, कारण हाताचा जोर फाळापर्यंत पोचत नाही. इथेही तसंच आहे. मारुती ८०० मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे बॉनेटखाली आडवे बसवलेले असतात आणि दांडा असतो दोन सीटांच्या मध्ये. हाताची हालचाल गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या एका लोखंडी रॉडने गिअरबॉक्सपर्यंत जाते. या रॉडच्या सांध्यांत छोटे बुश असतात. चिखल, पाणी, धूळ खाऊन ते झिजतात आणि प्रत्येक सांध्यात थोडा थोडा प्ले येतो. खाली दोन-चार मिलिमीटर झीज झाली तरी वर मुठीला ती कितीतरी मोठी होऊन जाणवते.

दांडा ढिला आहे, पण गाडी चालते ना, असं म्हणून वर्षानुवर्षं काढणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे जरा जोर देऊन सांगतो. खरी भीती न्यूट्रलची असते. ढिला दांडा मधोमध डुलतो म्हणून गाडी न्यूट्रलला आहे असं आपल्याला वाटतं, पण आत पहिला किंवा रिव्हर्स अडकलेला असू शकतो. किल्ली फिरवली की गाडी एकदम उडी घेते. पुढे लेकरू खेळत असेल, गोठ्याच्या दाव्याला वासरू बांधलेलं असेल. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत सीटवर बसून, क्लच पूर्ण दाबूनच गाडी चालू करायची. ट्रॅक्टरवाल्यांनीही हे ध्यानात घ्यावं. खाली उभं राहून स्टार्टरला स्क्रूड्रायव्हर लावून ट्रॅक्टर चालू करण्याची सवय अनेकांना आहे. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर मोठं चाक उभ्या माणसाच्या अंगावरूनच जातं.

आता तपासणी कशी करायची ते पाहू. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद ठेवा, हँडब्रेक ओढा आणि चाकांना पुढून-मागून दगड लावा.

पहिली गोष्ट क्लचची. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, पण चालू केल्यावर अडतात किंवा रिव्हर्सला करकर आवाज येतो, असं असेल तर दोष दांड्यात नाही. क्लच पुरता सुटत नाही. मारुती ८०० ला क्लचची केबल असते, ती आधी तपासून घ्या.

दुसरी गोष्ट, चालत्या गाडीत अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की दांडा आपोआप पुढे-मागे झुकतो का? तसं असेल तर इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबर, तुटलेलं किंवा बसलेलं असण्याचा संभव जास्त. इंजिन डोलतं आणि आपल्याबरोबर दांड्यालाही डोलवतं.

हे दोन्ही नसेल तर मात्र गाडीखाली बघायचं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, जॅक सटकला तर हाक मारायलाही वेळ मिळत नाही. गॅरेजचा खड्डा किंवा रॅम्प वापरा. एकाने वर बसून दांडा सावकाश हलवायचा, दुसऱ्याने बॅटरी मारून खाली पाहायचं. दांडा हलला पण रॉड जरा थांबून हलला, तर दांड्याजवळचा बुश गेला. रॉड हलतो पण गिअरबॉक्समधून बाहेर आलेला शाफ्ट उशिरा हलतो, तर पुढचा सांधा किंवा त्याचा बोल्ट ढिला. निम्मं निदान इथेच होतं, आणि त्याला पाना-पकडही लागत नाही.

बुश बदलणं अवघड नाही. बोल्ट काढण्यापूर्वी रॉड कसा बसला आहे त्याची खडूने किंवा खिळ्याने खूण करा, नाहीतर नंतर गिअर जागेवर सापडणार नाहीत. जुना बुश काढून सांधा घासलेटने पुसा आणि पिन व भोक नीट पाहा. भोक लांबुळकं झालं असेल किंवा पिन मध्ये बारीक झाली असेल तर नवा बुश घालून उपयोग नाही, महिन्याभरात पुन्हा तेच. तो भागही बदला. बुश प्लॅस्टिकचा असेल तर गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा, मऊ होऊन बसतो. आत थोडं ग्रीस चालेल. रबरी बुशला मात्र साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. साबणाचं पाणी लावून दाबा. कॉटर पिन काढली असेल तर नवी घाला, जुनी वाकवलेली पुन्हा वापरू नका. सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा तार गुंडाळून लोक वेळ मारून नेतात. शेतातून घरी येण्यापुरतं ते ठीक, पण त्यावर घाट चढू नये.

जीपची गोष्ट निराळी. जुन्या जीपचा दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसतो, मध्ये लांब रॉड नाही. तिथे रबरी टोपीखालचं झाकण काढलं की स्प्रिंग आणि दांड्याचा गोल सांधा दिसतो. स्प्रिंग मेली की दांडा लुळा पडतो. दांडा जागच्या जागी गरागरा फिरत असेल तर त्याला धरून ठेवणारी पिन झिजली किंवा तुटली समजा. दांडा काढण्याआधी गाडी न्यूट्रलला घ्या आणि उघड्या भोकावर स्वच्छ फडकं टाका. आत पडलेला एक खडा सगळे दाते खातो. खालचं टोक झिजलं असेल तर दांडा कधी कधी दोन गिअरच्या मध्ये अडकतो आणि गाडी जागीच जखडते. वेल्डिंगने टोक भरून कानशीने घासून देणारे कारागीर आहेत, पण माप चुकलं तर त्रास वाढतो. दांडा नवा मिळत असेल तर नवाच घ्या.

बाहेरचे सगळे सांधे घट्ट आहेत आणि तरीही उतारावर गिअर आपोआप सुटतो, किंवा एकाच गिअरला खरखर होते, तेव्हा मात्र गिअरबॉक्स खोलावाच लागेल. पण आधी आतल्या तेलाची पातळी पाहून घ्या.

काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून सगळे गिअर दोन-तीनदा टाकून पाहा, मग मोकळ्या रस्त्यावर फेरी मारा. आठवड्याने तोच बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा, कारण नवा बुश बसला की थोडा सैलावतो. आणि दुकानात जाताना जुना बुश खिशात टाकून न्या. नुसतं मॉडेल सांगून आणलेला बुश बसला नाही, तर तालुक्याला दुसरी खेप पडते.