मारुंजीची पावसाळी शिवारफेरी

मुळशी हा भाताचा तालुका. त्यातील मारुंजी हे गाव हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान नगरीलगत असल्याने शेतांच्या शेजारी इमारती उभ्या राहिल्या आहेत. अशा गावी शिवारफेरीची निकड अधिक. कारण ओढ्यात एके ठिकाणी भराव पडला, तर पाणी तुंबून वरच्या अंगाच्या शेतात शिरते.

२०१४ साली सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात शिवारफेरी करून गावाचा आराखडा आखण्याची पद्धत होती. फेरी उन्हाळ्यात केल्यास पाण्याची वाट अनुमानानेच ठरवावी लागते. श्रावणात घटकेत ऊन व घटकेत सर असते, तेव्हा ती डोळ्यांस दिसते.

टेकडीच्या माथ्यावरून निघावे, उताराने खाचरांपर्यंत उतरावे व ओढ्याच्या काठाने परत वर यावे. सर ओसरताच ओघळीतील पाणी पाहावे. ते गढूळ असल्यास वरची माती वाहून चालली आहे असे समजावे व ओघळ धरून मागे चढत जावे. फुटका बांध बहुधा तेथेच आढळतो. खाचराच्या बांधास खेकड्यांनी बिळे पाडली असल्यास पाणी रात्रीतून निघून जाते, आणि नुकताच दिलेला युरियाही. बीळ चिखलाने भरून तुडवावे. सांडवा मात्र कधीही बुजवू नये. त्याने सारा बांधच फुटावयाचा.

मेघगर्जना ऐकू येताच फेरी थांबवून पक्क्या इमारतीत जावे. एकट्या झाडाचा आसरा घेऊ नये. राहिलेली वाट दुसऱ्या दिवशी चालावी.